जर्मनीत गाडी चालवताना: आधी कुणी थांबायचं, हे ठरलेलं असतं

जर्मनीत राहायला आलेल्या माणसाच्या भारतीय लायसन्सला सहा महिन्यांचं आयुष्य असतं. पर्यटक म्हणून चार आठवडे आलात तर हा प्रश्न येत नाही. पण नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी येऊन इथे घर केलंत, पत्त्याची सरकारी नोंद केलीत, की घड्याळ सुरू होतं. सहा महिने उलटल्यावर त्याच लायसन्सवर गाडी चालवणं म्हणजे विनापरवाना चालवणं, आणि तो इथे फौजदारी गुन्हा धरला जातो. मधे महिनाभर सांगलीला जाऊन आलात म्हणून मोजणी पुन्हा पहिल्यापासून होत नाही. वर्षाच्या आतच कायमचे परत जाणार आहात हे कागदोपत्री दाखवता आलं, तर मुदत वाढवून मिळू शकते. बाकीच्यांना जर्मन लायसन्स काढण्यावाचून गत्यंतर नाही.

इथे तीन गैरसमज नेहमी ऐकू येतात. एक, आरटीओतून आणलेलं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट असलं की वर्षभर चालतं. चालत नाही, ते मूळ लायसन्सची ओळख पटवण्यापुरतं आहे, सहा महिन्यांचे सात महिने त्याने होत नाहीत. दोन, लर्निंग लायसन्सवरही काही दिवस निभावतं. नाही. तीन, आणि हा सगळ्यात महागात पडणारा: 'डिसेंबरच्या सुट्टीत घरी जातोय, तेव्हा पुण्यात लायसन्स काढून आणतो.' जर्मनीत वास्तव्य सुरू झाल्यानंतर अशा सुट्टीत काढलेलं लायसन्स इथे धरलं जात नाही. तुमच्याकडे लायसन्स नसेल तर भारतातून निघण्याआधी काढा, किंवा इथे नवशिक्या म्हणून पहिल्यापासून शिका.

फरक मोठा आहे. जपान किंवा दक्षिण कोरियाच्या माणसाला आपलं लायसन्स परीक्षेविना बदलून मिळतं, कारण त्या देशांची नावं जर्मनीच्या यादीत आहेत. भारताचं नाव त्या यादीत नाही, त्यामुळे आपल्याला लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. पण वैध भारतीय लायसन्स असलेल्याला एक मोठी सूट आहे: सक्तीचं प्रशिक्षण माफ. नवशिक्या जर्मन मुलाला थिअरीचे ठरावीक तास बसून काढावे लागतात, शिवाय १२ खास फेऱ्या माराव्या लागतात: गावाबाहेरच्या रस्त्यांवर, ऑटोबानवर (म्हणजे इथल्या एक्स्प्रेसवेवर) आणि रात्रीच्या अंधारात. तुम्हाला यातलं काहीही सक्तीचं नाही. तरी ड्रायव्हिंग स्कूल, म्हणजे इथलं फारशूले, गाठावंच लागतं, कारण प्रत्यक्ष परीक्षेला गाडी त्यांची आणि शेजारच्या सीटवर शिक्षकही त्यांचाच लागतो.

अर्ज लायसन्सच्या सरकारी कार्यालयात करायचा. सोबत भारतीय लायसन्स आणि त्याचं भाषांतर (एडीएसी ही वाहनचालकांची मोठी संघटना ते करून देते), फोटो, डोळे तपासल्याचा दाखला आणि प्रथमोपचाराच्या एक दिवसाच्या कोर्सचं प्रमाणपत्र. डोळ्यांचा दाखला चष्म्याच्या दुकानात पाच-दहा मिनिटांत मिळतो. अर्जाला मात्र वेळ लागतो. मोठ्या शहरांत आठवडेच्या आठवडे. म्हणून माझा सल्ला असा की, सामान उघडून झालं की पहिल्या-दुसऱ्या महिन्यातच अर्ज टाका. पाचव्या महिन्यात जागे झालात तर मधले काही महिने बसने जावं लागेल. नवं लायसन्स हातात देताना ते सहसा जुनं भारतीय लायसन्स जमा करून घेतात, तेव्हा आधीच दोन्ही बाजूंची प्रत काढून ठेवा.

परीक्षा

लेखी परीक्षा संगणकावर होते. जर्मनशिवाय बारा भाषांत ती देता येते; त्यात इंग्रजी आहे, हिंदी-मराठी नाही. प्रश्न ३०. गुणांचा हिशेब उलटा असतो. प्रत्येक प्रश्नाला २ ते ५ 'चूक-गुण' असतात, आणि चुकांची बेरीज १० च्या वर गेली की नापास. पाच गुणांचे दोन प्रश्न चुकले तर बेरीज १० च असते, तरीही नापास. पाच गुणांचे प्रश्न बहुतेक 'आधी कोण जाणार' या विषयावरचे असतात. कशाला किती किंमत आहे ते यावरूनच कळतं.

एका प्रश्नाला एकाहून अधिक उत्तरं बरोबर असू शकतात, आणि सगळी बरोबर उत्तरं निवडली तरच तो प्रश्न बरोबर धरतात. त्यामुळे 'सामान्य ज्ञानावर काढून टाकू' म्हणणारे इंजिनिअर पहिल्या फेरीत हमखास आपटतात. प्रश्नसंच जाहीर असतो, त्याची ॲप मिळतात. प्रश्न हजाराच्या वर आहेत, पण रोज अर्धा तास दिला तर महिन्या-दीड महिन्यात सगळे डोळ्यांखालून जातात. नापास झालात तर पुढच्या प्रयत्नाआधी साधारण दोन आठवडे थांबावं लागतं.

प्रत्यक्ष परीक्षा ५५ मिनिटांची. परीक्षक मागे बसतो, शिक्षक शेजारी. 'एच' काढून दाखवला, सही केली, सुटलो, असला प्रकार नाही. गावातून, तीसच्या झोनमधून (जिथे वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटर असते), हायवेवरून, बहुधा ऑटोबानवरून नेतात, आणि मधेच एखाद्या गल्लीत समांतर पार्किंग करायला लावतात. सूचना जर्मनमध्ये असतात, पण तीसेक वाक्यं कान देऊन ऐकली की पुरे: पुढच्या संधीला डावीकडे, इथे गाडी लावा, असली.

वीस-वीस वर्षं गाडी चालवलेले आपले लोक यात नापास होतात. गाडी त्यांना येते, सवयी नडतात. पहिली सवय मानेची. लेन बदलताना, वळताना, उभी गाडी बाहेर काढताना आरशात पाहून भागत नाही, मान वळवून खांद्यावरून मागे पाहावं लागतं. आरशात न दिसणारा सायकलवाला तिथे असतो. परीक्षक हे तुमच्या डोक्याच्या हालचालीवरून मोजतो, म्हणून डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं तरी ते पाहिलं धरलं जात नाही. एका हाताने स्टिअरिंग, वळणावर क्लच दाबून गाडी सोडून देणं, पांढऱ्या रेषेवरून चालवणं, यांचीही नोंद होते. प्रशिक्षण माफ असलं तरी आठ-दहा तास शिक्षकाबरोबर चालवा. तासाला, म्हणजे इथल्या ४५ मिनिटांना, साधारण साठ ते ऐंशी युरो जातात. परीक्षेची फी वेगळी, आणि नापास झालं की ती पुन्हा भरायची. तिथे पैसे वाचवायला जाऊन दोनदा नापास झालेली माणसं कमी नाहीत.

चौकात आधी कोण

आपल्याकडे चौकात वाहनं वाचायची असतात. समोरची एसटी थांबणार नाही, रिक्षा मधेच वळणार, ती स्कूटी बिचकली आहे म्हणजे तिच्यापुढून निघता येईल, हा हिशेब डोळ्यांनी, हॉर्नने आणि थोड्या धिटाईने क्षणात होतो. ते कौशल्यच आहे. स्वारगेटच्या चौकातून रोज सुखरूप घरी पोचणाऱ्याला गाडी येत नाही असं म्हणायची माझी हिंमत नाही. पण जर्मनीत ते कौशल्य उपयोगी पडत नाही. इथे तुम्ही चौकात पोचण्याआधीच कोण जाणार ते ठरलेलं असतं. ज्याचा हक्क आहे तो वेग कमी न करता येतो, कारण बाकीचे थांबणार यावर त्याचा पूर्ण भरवसा असतो. तुम्ही 'थोडं पुढे घालून बघू' म्हणून बॉनेट बाहेर काढलंत, तर तो ब्रेक मारायला तयारच नसतो.

हे ठरतं कसं? चौकात पोलीस उभा असेल तर त्याचा हात सगळ्यांवर. तो नसेल तर सिग्नल. सिग्नल नसेल किंवा बंद असेल, तर पाट्या. अनेक शहरांत रात्री काही सिग्नल बंद करतात, तेव्हा सिग्नलच्या खांबावरच लावलेली पाटी लागू होते; दिवसा आपण तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. आणि पाटीही नसेल, तर उजवीकडून येणारा आधी. याला जर्मन लोक 'रेश्ट्स फोर लिंक्स' म्हणतात, आणि नवीन माणसाची खरी परीक्षा इथेच असते.

तुमचा रस्ता रुंद, त्याची गल्ली अरुंद. तुम्ही सरळ जाताय, तो वळणार आहे. तुमची मोठी गाडी, त्याची सायकल. कशानेही काही बदलत नाही. तो उजवीकडून येतोय, तुम्ही थांबायचं. निवासी भागांत, तीसच्या झोनमध्ये, बहुतेक तोंडांवर हाच नियम असतो आणि तिथे तो सांगणारी पाटी नसते. पाटी नसणं हीच सूचना. त्यामुळे अशा रस्त्यावर उजवीकडचं प्रत्येक तोंड आलं की पाय ॲक्सिलरेटरवरून उचलून ब्रेकवर न्यायचा आणि उजवीकडे आत डोकावायचं. दोन्ही कडांना गाड्या लावलेल्या असतात, आतलं दिसत नाही, म्हणून वेग आणखी कमी. डावीकडच्यांनी तुमच्यासाठी थांबायचं असतं, पण तिकडेही एक नजर टाकावी. चारही बाजूंनी चार गाड्या एकदमच आल्या तर नियम हात टेकतो. मग कुणीतरी हाताने खूण करून दुसऱ्याला आधी जाऊ देतो.

या नियमाला अपवाद आहेत आणि ते ओळखता आले पाहिजेत. पेट्रोल पंपातून, सोसायटीच्या आवारातून, जिथे गाडी चालण्याच्या वेगानेच न्यायची असते अशा वस्तीतून किंवा फुटपाथची उतरती कड ओलांडून कुणी बाहेर येत असेल, तर तो उजवीकडून आला तरी त्यानेच थांबायचं. उतरती कड ओळखणं अवघड जातं, कारण ती नुसती दगडांची एक सलग ओळ असते. फुटपाथ तुमच्या रस्त्याला समांतर तसाच पुढे चालू राहिलेला दिसला, की समजा ते 'तोंड' नाही, फाटक आहे.

पाट्यांपैकी चार मुख्य. पांढऱ्या कडेचा पिवळा चौकोन, कोपऱ्यावर उभा केलेला: तुम्ही मुख्य रस्त्यावर आहात, आणि रद्द करणारी पाटी येईपर्यंत प्रत्येक चौकात हक्क तुमचा. लाल कडेच्या त्रिकोणात जाड उभा बाण आणि त्याला छेदणारी आडवी रेघ: हक्क तुमचा, पण फक्त पुढच्या चौकापुरता. उलटा त्रिकोण: तुम्ही वाट द्यायची. अष्टकोनी स्टॉप: चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. रस्ता मैलभर रिकामा दिसत असला, तरी. पिवळ्या चौकोनाखाली कधी कधी एक छोटी पांढरी पाटी असते, तिच्यावर जाड रेघ वळलेली असते. म्हणजे मुख्य रस्ता सरळ न जाता वळतोय. त्या रेघेबरोबर वळायचं असेल तर इंडिकेटर द्यायचा.

आता यातली गोची. नवीन माणूस घाबरून सगळ्यांनाच वाट देत सुटतो. पिवळा चौकोन दिसत असताना थांबतो, बाजूच्या गल्लीतल्याला हात करतो, 'जा बाबा तू आधी'. आपल्याला वाटतं सभ्यपणा केला. पण मागच्याने तुम्ही जाणार हे धरलेलं असतं, बाजूचा बुचकळ्यात पडतो, आणि परीक्षेत हे विनाकारण अडथळा म्हणून लिहिलं जातं. आपला हक्क असेल तेव्हा निघायचं. नसेल तेव्हा इतक्या आधीपासून वेग कमी करायचा की हा थांबणार हे समोरच्याला लांबूनच कळावं. बाकी बहुतेक गोष्टी याच एका शिस्तीतून येतात.

दिव्यांच्या भाषेत आणखी एक सापळा आहे. आपल्याकडे समोरून डिपर मारला की अर्थ 'मी येतोय, तू थांब'. इथे चौकात कुणी दिवा मारला तर बहुधा 'तुम्ही जा' असं म्हणत असतो, पण कायद्याने तो मुख्यतः धोक्याच्या इशाऱ्यासाठी आहे. म्हणून नुसत्या दिव्यावर निघू नका, गाडी खरंच थांबलेली पाहा. हॉर्नही मुख्यतः धोक्यापुरताच. सिग्नल हिरवा झाल्याबरोबर मागून हॉर्न ऐकू आला तर वळून पाहावंसं वाटतं, आपल्याकडचंच कुणी आहे का. आणि रागाच्या भरात बोट दाखवणं, कपाळावर बोट आपटून 'डोकं आहे का' विचारणं, हा अपमानाचा गुन्हा होतो. त्यावरून खटले चालतात.

उजवीकडे वळताना जास्तीत जास्त काळजी घ्या. तुमचा सिग्नल हिरवा असतो तेव्हा तुमच्याच दिशेने सरळ जाणाऱ्या सायकलींचा आणि चालणाऱ्यांचाही हिरवा असतो, आणि वळताना तुम्ही त्यांचा रस्ता कापत असता. हक्क त्यांचा. सायकलला ओव्हरटेक करताना गावात किमान दीड मीटर, गावाबाहेर दोन मीटर अंतर ठेवायचं, हे २०२० पासून आकड्यानिशी नियमात आहे. अरुंद रस्त्यावर याचा अर्थ सायकलच्या मागे मुकाट्याने चालत राहायचं. सिग्नल नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगवर माणूस पाय टाकायच्या बेतात दिसला तरी थांबायचं. न थांबल्यास ८० युरो आणि एक पॉइंट, म्हणजे तुमच्या नावावर साठत जाणारा दंडाचा गुण. ट्राम रस्त्याच्या मध्यावर थांबून प्रवासी थेट तुमच्या लेनमध्ये उतरत असतील तर थांबून त्यांना जाऊ द्यायचं.

पिवळी पाटी आणि ऑटोबान

गावात शिरताना गावाचं नाव लिहिलेली पिवळी पाटी लागते. ती वेगमर्यादेची पाटी आहे हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. तिथून ५०, वेगळा आकडा लिहिलेला नसेल तर. गावाचं नाव तिरप्या लाल रेघेने खोडलेली पाटी आली की गाव संपलं, तिथून १००. कॅमेरे बरेचदा या पाट्यांच्या आसपास असतात आणि फोटो काही आठवड्यांनी घरी येतो, तुमचा चेहरा आणि आकडा दोन्ही स्पष्ट. गावात १० पर्यंत जास्त असेल तर ३० युरो. २१ ते २५ जास्त असेल तर ११५ युरो आणि एक पॉइंट. ३१ च्या पुढे गेलात की महिनाभर गाडी चालवायची बंदी. कॅमेऱ्याची आगाऊ सूचना देणारं ॲप चालू ठेवून चालवणंही बेकायदेशीर आहे.

पॉइंट उत्तरेतल्या फ्लेन्सबुर्ग शहरातल्या केंद्रीय नोंदीत जमा होतात. आठ झाले की लायसन्स जातं. मोबाइल हातात धरला की १०० युरो आणि एक पॉइंट, सिग्नलला थांबलेले असलात तरी, इंजिन चालू असेल तर. रक्तातल्या दारूची मर्यादा ०.५ प्रति हजार आहे; २१ वर्षांखालच्यांना आणि नवीन लायसन्सच्या पहिल्या दोन वर्षांत शून्य. अपघात झाला किंवा गाडी नीट चालली नाही, तर ०.३ लाही फौजदारी होऊ शकते. प्यायचं असेल त्या संध्याकाळी ट्रेन आहेच.

ऑटोबानबद्दल आपल्याकडे फार दंतकथा आहेत. मर्यादा नाही हे खरं, पण फक्त जिथे पाटी नाही तिथे. शहरांजवळ, कामं चालू असलेल्या टप्प्यांवर पाट्या असतातच. जिथे नाहीत तिथे १३० हा शिफारशीचा वेग आहे, १९७८ पासून. दंड नाही, पण २०० ने जाताना दुसऱ्याच्या चुकीने अपघात झाला, तरी कोर्ट नुकसानीचा काही भाग तुमच्या डोक्यावर टाकू शकतं.

वेगापेक्षा लेन महत्त्वाची. मोकळं असेल तेव्हा उजव्या लेनमध्येच राहायचं, ओव्हरटेक करण्यापुरतं डावीकडे जायचं, परत उजवीकडे यायचं. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर मधली लेन पकडून बसायची सवय असेल तर ती इथे सोडावी लागेल. उजवीकडून ओव्हरटेक करणं गावाबाहेर १०० युरो आणि एक पॉइंट. डावीकडे जाण्याआधी आरशात लांबवर पाहा. मागे ठिपक्याएवढी दिसणारी गाडी २२० ने येत असेल तर काही सेकंदांत तुमच्या बंपरला असेल. पुढच्या गाडीपासून अंतर वेगाच्या आकड्याच्या निम्मे मीटर: १२० ला ६० मीटर. आणि ऑटोबानवर चढताना जोडलेल्या लांब पट्टीवर वेग वाढवायचा असतो. घाबरून तिच्या टोकाला थांबणं धोक्याचं, कारण शून्यावरून ट्रकच्या रांगेत शिरायला मग जागाच मिळत नाही.

ट्रॅफिक तुंबायला लागलं, की पूर्ण थांबण्याआधीच रुग्णवाहिकेसाठी वाट करायची: सगळ्यात डावीकडच्या लेनने डाव्या कडेला सरकायचं, बाकी सगळ्या लेननी उजवीकडे. सायरन ऐकू आल्यावर नव्हे, कारण तोवर गाड्या हलायला जागा उरत नाही. न केल्यास २०० युरोंपासून पुढे, दोन पॉइंट आणि महिनाभराची बंदी. सायरनच्या मागे लागून त्याच वाटेने पुढे सटकायची युक्ती मनात आली असेल, तर तिचा दंड याहून जास्त आहे. गाडी बंद पडली तर फ्लॅशर लावून फ्लुरोसंट जॅकेट अंगात चढवायचं, धोक्याचा त्रिकोण मागे लांब ठेवायचा आणि सगळ्यांनी कठड्याच्या पलीकडे जाऊन उभं राहायचं. जॅकेट, त्रिकोण आणि प्रथमोपचाराची पेटी गाडीत असणं बंधनकारक आहे. जॅकेट डिकीत न ठेवता दाराच्या कप्प्यात ठेवा.

गाडी उभी करताना

गाडी प्रवासाच्या दिशेलाच, उजव्या कडेला लावायची. समोरच्या बाजूला जागा दिसली म्हणून उलट तोंडाने घुसवायची नाही. चौकापासून पाच मीटर सोडायचे, आणि कडेने सायकल ट्रॅक असेल तर आठ. तीन मिनिटांपेक्षा जास्त थांबलात, किंवा गाडी सोडून गेलात, की कायद्याने ते पार्किंग.

अनेक ठिकाणी पैसे लागत नाहीत, पण निळी पुठ्ठ्याची तबकडी काचेवर ठेवावी लागते. तिच्यावर घड्याळ छापलेलं असतं. पोचल्याची वेळ लावायची आणि ती पुढच्या अर्ध्या तासावर ढकलायची. म्हणजे १०:०५ ला आलात तर काटा १०:३० वर, १०:३५ ला आलात तर ११ वर. मुदत तिथून मोजतात. मधे येऊन काटा पुढे सरकवणं चालत नाही. जुन्या वस्त्यांमध्ये बऱ्याच जागा रहिवाशांच्या कार्डासाठी राखीव असतात, तेव्हा भाड्याचं घर पाहतानाच कार्डाची चौकशी करा.

आता एक गोष्ट जरा सविस्तर, कारण इथे चांगल्या मनाची माणसं अडकतात. गाडी काढताना शेजारच्या गाडीला घासली. मालक जवळ नाही. तुम्ही प्रामाणिकपणे नाव आणि फोन नंबर चिठ्ठीवर लिहून वायपरखाली अडकवता आणि निघता. जर्मन कायद्याने हे अपघाताच्या जागेवरून पळून जाणं आहे. चिठ्ठी पुरत नाही. ती उडून जाऊ शकते, पावसात भिजू शकते. तिथेच थांबून मालकाची पुरेसा वेळ वाट पाहायची, तो आला नाही तर ११० ला फोन करून पोलिसांना कळवायचं. ओरखडा दोन बोटांचा असला तरी. नुकसान विमा भरून देतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पळून गेल्याचा गुन्हा मात्र विमा कंपनीलाही आवडत नाही, आणि त्यात लायसन्स जाऊ शकतं. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये ट्रॉली दुसऱ्याच्या दाराला लागली तरी हेच करा.

मुलांबद्दल एवढंच: बारा वर्षांपर्यंत किंवा १५० सेंटिमीटर उंचीपर्यंत, यातलं जे आधी होईल तोवर, योग्य सीट लागते. मांडीवर बाळ घेऊन दवाखान्यापर्यंतही जायचं नाही. आई-बाबा भारतातून आले आणि मागे बसले, तर त्यांचाही पट्टा.

स्वतःची गाडी घेताना

जुनी गाडी घेत असाल तर मागच्या नंबरप्लेटवरचं गोल स्टिकर पाहा. वरच्या टोकाला जो आकडा असेल तो महिना आणि मधोमध वर्ष. तोवर तिची तांत्रिक तपासणी वैध आहे. लोक तिला सरसकट 'ट्यूफ' म्हणतात. नवीन गाडीची पहिली तपासणी तीन वर्षांनी, नंतर दर दोन वर्षांनी. आपल्या पीयूसीसारखं कोपऱ्यावरच्या टपरीत निभावत नाही; गंज, ब्रेक, दिव्यांचा कोन सगळं पाहतात. महिना-दोन महिन्यांत मुदत संपणारी गाडी स्वस्त दिसली तर ती का स्वस्त आहे ते उघड आहे.

गाडीचे कागद दोन भागांत असतात. पहिला गाडीबरोबर बाळगायचा, दुसरा घरी कुलपात. विकणारा 'दुसरा भाग पोस्टाने पाठवतो' म्हणाला तर पैसे देऊ नका. कदाचित तो बँकेकडे तारण असेल. नोंदणीला जाण्याआधी विमा ठरवावा लागतो; कंपनी एक कोड पाठवते, तो दाखवल्याशिवाय नंबर मिळत नाही. तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा, स्वतःच्या गाडीचा ऐच्छिक. हप्ता तुम्ही किती वर्षं अपघाताविना चालवलं यावर ठरतो, आणि भारतातली वर्षं सहसा धरत नाहीत, त्यामुळे पहिला हप्ता पाहून डोळे पांढरे होतात. दरवर्षी कमी होत जातो. कंपनी बदलायची असेल तर बहुतेक करारांची नोटीस ३० नोव्हेंबरपर्यंत द्यावी लागते. बऱ्याच मोठ्या शहरांच्या मध्यभागात शिरायला काचेवर हिरवं पर्यावरणाचं स्टिकरही लागतं. नसेल तर १०० युरो.

शेवटी टायर. रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ किंवा निसरडा गोठलेला थर असेल तर हिवाळी टायर नसलेली गाडी चालवता येत नाही. ६० युरो आणि एक पॉइंट. तारीख कायद्यात नाही, पण लोक ऑक्टोबर ते ईस्टर धरतात. सेकंडहँड टायर घेताना बाजूला डोंगरात हिमकणाचं चिन्ह आहे ना पाहा. नुसतं 'एम प्लस एस' लिहिलेले जुने टायर २०२४ च्या ऑक्टोबरपासून हिवाळी धरत नाहीत. सकाळी काचेवर बर्फ साचला तर समोर दोन वितीचं भोक पाडून निघू नका, सगळ्या काचा खरवडा, आणि तेवढ्यात गाडी गरम होईल म्हणून इंजिन चालू ठेवू नका; त्यालाही दंड आहे. घरात टायर ठेवायला जागा नसेल तर वर्कशॉप हंगामाच्या भाड्याने ठेवून घेतं. पहिला बर्फ पडला की तिथे रांगा लागतात, तेव्हा सप्टेंबरमध्येच फोन करून वेळ घ्या.